स्वतःच्या नावाला प्रतिसाद नाही

१

सौमित्रच्या केंद्रात दिवसाची सुरुवात व्हायची ती म्हाताऱ्यांची डोकी धुण्यापासून. डॉक्टरकडे जायचं म्हणजे नीटनेटकं जायला हवं, म्हणून आसपासच्या गावांतली माणसं चांगलं चापून तेल लावून, भांग पाडून यायची आणि तेलकट डोक्यावर यंत्राची बटणं काही केल्या चिकटायची नाहीत. आदल्या दिवशी फोन करून कितीही बजावलं तरी तेच. मग मागच्या अंगणातल्या नळावर राजेश एकेकाला स्टुलावर बसवून शाम्पू लावायचा आणि म्हातारे मान खाली घालून मुकाट बसायचे.

केंद्र कर्जतला दहिवलीत होतं, एका बैठ्या बंगल्यात. साधा विसरभोळेपणा कुठला आणि विस्मृतीचा आजार कुठला, हे वागण्यात दिसायच्या कितीतरी आधी मेंदूत दिसतं, असं डॉक्टर सौमित्रचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. एमआरआय पनवेलहून करून आणायचा. आठवणी सांभाळणारा मेंदूचा कोपरा किती आकसला ते त्यात कळायचं. पण खरं काम चालायचं ते इथल्या टोपीवर. डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारी तारांची टोपी चढवायची, कानांत हेडफोन घालायचे, माणसाला आतल्या खोलीत एकटं बसवायचं आणि नावं ऐकवायची. परक्या माणसांची नावं, एकामागून एक, आणि मधूनमधून त्याचं स्वतःचं. परक्या नावांना मेंदू ढिम्म हलत नाही. स्वतःचं नाव आलं की पापणी लवायच्या आत लहरीला उंचवटा येतो. घरची माणसं ओळखता येत नसली, तोंडातून शब्द फुटत नसला, तरी येतो. तो उशिरा यायला लागला, बसका यायला लागला, की समजून जायचं.

"माणूस खोटं बोलेल, मेंदू नाही बोलत," हे सौमित्रचं लाडकं वाक्य. शाळेच्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून बोलावलं तरी तो हेच म्हणायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे.

नावं त्याच्या बायकोच्या आवाजात होती. निवेदिता शाळेत शिकवायची. हजेरी घेण्यात उभी हयात गेलेली, त्यामुळे तिचा उच्चार लख्ख. काही नावं झाली की थोडा वेळ शांतता ठेवलेली असे, मेंदूला विसावा म्हणून. मग पुन्हा नावं.

एके दिवशी खालापूरकडच्या मालोजीबाबांची तपासणी झाली. राजेश मूळचा शिळफाट्याचा, चाळिशीचा, बरीच वर्षं सौमित्रकडे टेक्निशियन. त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

"सर, हे बघा. नाव आलं तिथं उठलाय, ते ठीक हाय. पण इथंपण उठलाय."

"मग?"

"इथं कुनाचं नावच नाय. इथं तर गप हाय."

खरंच होतं. विसाव्याच्या शांततेत, जिथे रेघ निवांत पडून राहायला हवी, तिथे एक गोलसर उंचवटा आला होता. ओळखीच्या माणसाने हाक मारल्यावर यावा तसा.

"डोळा मिचकावला असेल म्हाताऱ्याने," सौमित्र म्हणाला आणि चहा मागवला.

२

एका पेशंटचं सोडून देता येतं. बाजारातल्या इंदूबाईंचंही तसंच आलं तेव्हा सौमित्रने तारा बदलल्या. त्यानंतरच्या गृहस्थांचं तसंच आलं तेव्हा एसी बंद करून पाहिला, पंखा बंद करून पाहिला, शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला विनंती करून गिरणीसुद्धा बंद ठेवून पाहिली. ठाण्याहून कंपनीचा माणूस आला, अर्थिंग तपासलं, यंत्राचा डबा बदलून दिला आणि जेवून गेला. उंचवटा जिथल्या तिथे. नावं संपली की शांतता, आणि शांततेच्या मधोमध तो.

सौमित्रने रेकॉर्डिंग स्वतः ऐकलं. दार लावून, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा. शांततेत काही नव्हतं. शेवटच्या नावानंतर निवेदिताने घेतलेला श्वास तेवढा ऐकू यायचा.

"कलिंगड लावून बघू," राजेश म्हणाला.

यात हसण्यासारखं काही नाही. कलिंगडात पाणी असतं, सालीवर बटणं छान बसतात आणि मेंदू नसतो. यंत्र आपल्या मनाने रेघा काढतंय की काय, हे बघायला अशी फळं वापरतात. फाल्गुन चालू होता, हायवेला कलिंगडांचे ढीग लागले होते. राजेशने चांगलं माणसाच्या डोक्याएवढं बघून आणलं, त्याला टोपी घातली, खुर्चीत उशांचा आधार देऊन बसवलं आणि हेडफोन लावून दार ओढून घेतलं. काचेतून ते दोघे आत बघत राहिले.

आतली खोली आधी स्वयंपाकघर होती. भिंतींना आता जाड फोम लावलेला, खिडकी बुजवलेली. ओटा फोडून टाकला होता, पण तो जिथे होता तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ राहिली होती आणि घासून घासून काही उपयोग झाला नव्हता.

नावं वाजली. शांतता आली. नावं वाजली. कलिंगडाची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ राहिली.

"कलिंगडाला काय झालेलं नाय," राजेश हसून म्हणाला.

सौमित्रलाही हसू आलं, पण अर्धवटच. यंत्र ठीक होतं. रेकॉर्डिंग ठीक होतं. मग उरली ती माणसं. माणसांनाच त्या शांततेत काहीतरी ऐकू येत होतं, आणि ते काय हे त्याने अजून एकालाही विचारलं नव्हतं. आलेख असताना पेशंटला विचारायची त्याला सवय नव्हती.

३

मालोजीबाबा रिपोर्ट न्यायला आले तेव्हा सौमित्रने त्यांना आपल्या केबिनमध्ये बसवलं. बरोबर सून होती.

"बाबा, त्या दिवशी कानांत काय ऐकलंत?"

"नावं. एक बाई नावं घ्यायची. चांगला आवाज व्हता."

"आणि ती थांबली की?"

"मंग दुसरी बोलायची."

सुनेने कपाळाला हात लावला. सौमित्र हसला, डॉक्टर हसतात तसं. "दुसरी कोण?"

"मला काय ठावं? म्हातारी व्हती कोनतरी. पयली गप झाली की ती हलूच बोलायची. दुसऱ्याच्या घरात बोलावं तशी, दबून."

"काय बोलायची?"

"नाव सांगायची आपलं. मी हिरू हाय, असं. परत परत तेच. मी मनात म्हनलं, बाय, मी मालोजी, तुला कोन पायजे? तर गप झाली."

"डॉक्टर, तुम्ही मनावर घेऊ नका," सून म्हणाली. "त्यांना हल्ली काहीही ऐकू येतं. परवा रात्री कोंबड्यांशी भांडत होते."

"कोंबड्या खऱ्या होत्या," मालोजीबाबा म्हणाले.

सौमित्रने रिपोर्टवर खाली 'श्रवणभ्रम' असं लिहिलं, सही केली, गोळ्या सांगितल्या. ती दोघं गेल्यावर तो उठला आणि केबिनचं दार आतून लावून घेतलं. का लावलं ते त्याला सांगता आलं नसतं. हिरू. हे नाव आता अख्ख्या कर्जतमध्ये फक्त त्याला माहीत होतं.

४

उमाकाकू ही त्याची थोरली काकू. महेशकाका भिवपुरीच्या वीजकेंद्रात इंजिनियर होते. तिथे क्वार्टर्समध्ये राहताना शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याच्या मुलीवर त्यांचं मन बसलं आणि घरच्यांशी उभं भांडण करून त्यांनी तिच्याशी लग्न केलं. घरच्यांनी शेवटी हो म्हटलं, पण मुलगी पार बदलूनच घेतली. लग्नात ताम्हणातल्या तांदळात अंगठीने नाव काढलं ते 'उमा', महेशला शोभेल असं. तिच्या हाय-नायचं आहे-नाही व्हावं म्हणून सासू हात धुऊन मागे लागली. काकू शिकली. इतकी शिकली की चारचौघांत तिच्यासारखं शुद्ध बोलणारं त्या घरात कुणी राहिलं नाही.

पण काका तिला हिरू म्हणायचे. दार लावल्यावर, दोघंच असताना. सुट्टीत राहायला आलेल्या लहानग्या सौमित्रने ते एकदा ऐकलं आणि 'हिरू, हिरू' करत अंगणभर नाचला. काकू रागावली नाही, उलट तिला आनंदच झाला. काकांशिवाय आणखी एका तोंडातून तिला आपलं नाव ऐकू आलं होतं.

काका गेले. हा बंगला तिच्या नावावर राहिला. सौमित्रने केंद्रासाठी मागितला, गोडीत मागितला, मग जरा आवाज चढवून मागितला.

"मी हाय तवर ही चूल माझी हाय," काकू म्हणाली.

काका गेल्यापासून तिने ते उसनं आहे-नाही खाली ठेवून दिलं होतं. घरात कुजबुज झाली, काकूची भाषा घसरली, काहीतरी बिनसलंय. आणि सौमित्रने, ज्याला सगळं ठाऊक होतं, गंभीर चेहरा करून सांगितलं, हे सुरुवातीचं लक्षण असू शकतं.

त्याने तिची तपासणी केली. तेव्हा त्याचं दुकान बाजारात एका खोलीत होतं. निवेदिताने 'उमा' असं रेकॉर्ड करून दिलं. तिला बिचारीला दुसरं काही माहीत नव्हतं. राजेशने विचारलं, आजींना घरी कुठल्या नावाने हाक मारतात? ही विचारायची पद्धतच होती, कारण आपल्याकडे बायकांना एक नाव जन्माचं आणि एक लग्नाचं. सौमित्र म्हणाला, "आधार कार्डावर आहे तेच लाव."

'उमा' या नावाला काकूच्या मेंदूत काही हललं नाही. कसं हलणार? ते नाव तिने आयुष्यभर नेसलं होतं, अंगाला कधी लागलं नव्हतं. सौमित्रने प्रमाणपत्रात लिहिलं, 'स्वतःच्या नावाला प्रतिसाद नाही', कोर्टाने पुतण्याला पालक नेमलं आणि काकूला लोधिवलीजवळच्या एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. तिथे सगळे तिला उमाआजी म्हणायचे आणि ती मान वळवायची नाही. "मी हिरू हाय, उमा नाय," असं सांगत राहायची. जितकं सांगायची तितकं तिचं दुखणं वाढलंय असं धरलं जायचं, गोळी वाढायची.

सौमित्र एकदाच भेटायला गेला. तिने त्याचा हात धरला. "सौमित्रा, तुला माझं नाव ठावं हाय. सांग ना रं यांना."

त्याने तिच्या अंगावरची चादर सारखी केली, केअरटेकर बाईला म्हणाला, "यांना जरा भास होतात," आणि निघाला. काकू त्या थंडीत गेली. इतकं सगळं करूनही त्याला झोप छान लागायची, हेही सांगून टाकायला हवं. बोच वगैरे काही नव्हती. स्वयंपाकघर फोडून तिथे त्याने ही खोली केली तेव्हा मजुरांना पेढेसुद्धा वाटले होते.

५

भुताखेतावर सौमित्रचा विश्वास नव्हता. आलेखावर होता. म्हणून दुसऱ्या दिवशी पेशंट यायच्या आधी तो स्वतः खुर्चीत बसला.

"माझं नाव लाव आणि घे," तो राजेशला म्हणाला. "निरोगी माणसाचा एक ताजा आलेख हवाच होता."

राजेशने टोपी चढवली, थंडगार जेल भरलं, दार ओढून घेतलं. फोमच्या भिंतींनी बाहेरचं सगळं गिळून टाकलं. समोर काच, काचेमागे राजेशचा चेहरा, पायांपुढे ती उजळ फरशी.

निवेदिताचा आवाज सुरू झाला. लडकू. भिवाजी. कमलाकर. मग थोडी फट. जयवंता. सौमित्र आपल्या नावाची वाट बघत होता. शांतता आली तेव्हा त्याने श्वास रोखला. कान इतके ताणले की स्वतःच्या कानशिलातलं रक्त ऐकू आलं. बाकी काही नाही. कुणी म्हातारी नाही, कुणी हिरू नाही. पुन्हा नावं, पुन्हा शांतता, पुन्हा काही नाही. शेवटी शेवटी तर त्याला पेंग यायला लागली.

तो बाहेर आला तो शीळ घालत. "काही नाही रे. म्हाताऱ्याचे भास. पण तू माझं नाव लावायला विसरलास."

"लावलं होतं सर."

"नाही लावलंस. मी जागा होतो."

 राजेशने हेडफोनची वायर काढली आणि आवाज स्पीकरवर घेतला. "मी बोट वर करतो," तो म्हणाला.

लडकू. भिवाजी. कमलाकर. राजेशने बोट वर केलं. खोलीत काही वाजलं नव्हतं. जयवंता. राजेशने पुन्हा बोट वर केलं. सौमित्रला आधीचं नाव ऐकू आलं, नंतरचं ऐकू आलं, आणि मधे, राजेशचं बोट हवेत असताना, नुसती फट.

"मस्करी करतोस?"

"आईशप्पत नाय सर."

पडद्यावर आलेख होता आणि आलेख मस्करी करत नाही. स्वतःच्या नावापाशी सौमित्रची रेघ सपाट पडली होती. आणि विसाव्याच्या शांततेत उंचवटा होता. आजवर एवढा उंच त्याने कुठल्याच पेशंटच्या डोक्यात पाहिला नव्हता.

६

एमआरआय स्वच्छ आला. पनवेलच्या डॉक्टरने फोनवर त्याचं अभिनंदन केलं, तिशीतल्या माणसाचा वाटावा असा मेंदू आहे म्हणाला.

घरी निवेदिता त्याला स्वयंपाकघरातून हाका मारायची आणि तो पेपर वाचत बसायचा. समोर असली की तिचे ओठ हलताना दिसायचे, मग तिचं वाक्य मधूनच सुरू व्हायचं. "—, ताट वाढलंय." नाव तेवढं कुणीतरी आधीच उचलून नेलेलं. दाराबाहेरची स्वतःच्या नावाची पाटी तो वाचायचा, अक्षरं ओळखू यायची, पण उच्चारायला गेलं की तोंड उघडून तसंच मिटायचं. एरवी त्याला सगळं आठवत होतं. औषधांचे डोस, कॉलेजातल्या मित्रांचे फोन नंबर, सगळं.

मग निवेदिताच्या शाळेचं यंदा लांबलेलं गॅदरिंग झालं. तो पहिल्या रांगेत बसला होता, पाहुणा म्हणून. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइकवरून काहीतरी जाहीर केलं, टाळ्या झाल्या, आणि तो हसऱ्या चेहऱ्याने टाळ्या वाजवत बसून राहिला. बाईंनी पुन्हा जाहीर केलं. पोरं मागे वळून बघायला लागली. शेवटी निवेदिता स्टेजवरून उतरली आणि सगळ्यांदेखत त्याचा हात धरून त्याला वर घेऊन गेली.

गाडीत तिने विचारलं, "काय होतंय तुला?"

"मला काही झालेलं नाही. मला सगळं आठवतंय. विचार काहीही."

"बरं," ती हळू आवाजात म्हणाली. "शांत हो."

ते 'शांत हो' त्याला कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, मग आठवलं की ते त्याचंच, पेशंटना म्हणायचं होतं. तो चिडला. आपण ठणठणीत आहोत हे त्याने तिला समजावून सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, भावाला फोन करून सांगितलं. जितकं सांगावं तितके लोक मऊ होत गेले. राजेश त्याच्या हातून गरम चहाचा कप काढून घ्यायला लागला.

आणि एका सकाळी, दात घासून वळताना, तो म्हणाला, "कितीदा सांगू, मला काय झालेलं नाय. मी बरा हाय."

निवेदिता टॉवेल हातात धरून उभी होती. तिने मान थोडी तिरकी केली आणि डोळ्यांत दया आणली. हा चेहरा सौमित्र ओळखत होता. काकूसमोर त्याने तो करून दाखवला होता.

त्याला आता खरी भीती वाटली. त्याच्या आठवणींना कुणी हात लावला नव्हता. त्याचं शहाणपण शाबूत होतं आणि ते सिद्ध करायचं एकमेव साधन, लोकांचा त्याच्यावरचा विश्वास, तेवढंच कुणीतरी काढून घेत होतं. हे कोण करतंय ते त्याला कळलं होतं. ती काय मागते आहे तेही कळलं होतं. तिचं नाव सांगायचं होतं, चारचौघांत. बस, एवढंच. त्याने ठरवलं, सांगून टाकू. एकदा सांगितलं की ती सोडेल.

७

निवेदिताने अनुपमला बोलावलं. तो सौमित्रचा कॉलेजातला मित्र, वाशीला मेंदूविकारतज्ज्ञ. दुपारच्या उन्हात तो केंद्रात आला, सौमित्रच्या पाठीवर थाप मारली, "काय राव," म्हणाला. निवेदिता शेजारी उभी होती, राजेश टोपीच्या तारा सोडवत होता.

"आधी मला काहीतरी सांगायचं आहे," सौमित्र म्हणाला. "तिघांनी ऐका."

आणि त्याने सांगितलं. काही लपवलं नाही. काकू शहाणी होती. तिचं खरं नाव हिरू. ते मला माहीत होतं. मी मुद्दाम उमा लावायला सांगितलं. मला हे घर हवं होतं. तिला मी जिवंतपणी पुसून टाकलं. बोलताना त्याला रडू फुटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो अगदी खरं बोलत होता.

 मग निवेदिताने त्याच्या केसांवरून हात फिरवला. "अरे, काकूंचं नाव उमाच होतं. मीच नाही का रेकॉर्ड केलं होतं?"

"राजेश, तू होतास ना तेव्हा?" अनुपमने विचारलं. "काय नाव लावलं होतं?"

राजेशने मान खाली घातली. "उमा, सर. आधार कार्डावरचं."

"मालोजीबाबांना विचारा! त्यांनी ऐकलंय तिला. त्यांना काय पडलंय खोटं बोलायचं?"

"मालोजीबाबा कोण?"

"पेशंट आहेत," निवेदिता म्हणाली. "विस्मृतीचे."

अनुपमने समजुतीने मान हलवली. आल्यापासून तो सौमित्रशी अरे-तुरे करत होता. आता तो निवेदिताकडे वळला आणि त्याच्याबद्दल त्याच्यासमोरच बोलायला लागला. "होतं असं. जुन्या माणसांत अडकतात. आपणच काहीतरी केलं, आपल्यामुळे कुणी गेलं, असं घेऊन बसतात. वाद घालायचा नाही. हो हो म्हणायचं." मग सौमित्रकडे बघून, जरा मोठ्याने, "बरोबर आहे तुझं. चल, आता टोपी घालू या हं."

सौमित्रने टोपी घालून घेतली.  ज्या एका गोष्टीने सुटका व्हायची ती त्याने केली होती आणि तिचा रोगाच्या लक्षणांत समावेश झाला होता. दार बंद झालं. काचेपलीकडे तिघं पडद्यावर वाकली.

लडकू. भिवाजी. फट. जयवंता. फट. निवेदिताचा आवाज थांबला, तिचा श्वास आला, आणि शांतता.

"सौमित्रा."

त्याचं काळीज असं उसळलं की त्याला आधी नुसता आनंद झाला. किती दिवसांनी! कुणीतरी हाक मारली होती. कुणाच्या तरी तोंडी अजून त्याचं नाव होतं. आवाज हेडफोनमधून येत नव्हता, समोरून येत होता, उजळ फरशीच्या बाजूने, आणि कोण बोलावतंय हे मेंदूला उमगण्याआधी त्याच्या तोंडून निघून गेलं, "ओ."

मग त्याला उमगलं.

बाहेर पडद्यावर उंचवटा चढला असणार, कारण अनुपमने टाळी वाजवली. निवेदिताने दोन्ही हात तोंडावर धरले. काचेतून दिसत होतं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. अनुपम तिला बोटाने दाखवत होता, हे बघा, आहे, प्रतिसाद आहे.

"दार उघडा," सौमित्र म्हणाला. "निवेदिता, दार उघड! ती इथं हाय!"

फोममधून काही बाहेर जात नव्हतं. त्याचे ओठ हलताना पाहून निवेदिताने उत्साहाने मान डोलावली आणि काचेवर हात टेकवला. एकटा राजेश पडद्याकडे बघत नव्हता. तो सौमित्रच्या मागे, थोडं वर बघत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो एक पाऊल मागे सरकला. मग त्याने नजर वळवली आणि तारा गुंडाळायला लागला, जणू काही पाहिलंच नव्हतं.

काचेत सौमित्रचं स्वतःचं प्रतिबिंब होतं, तारांची टोपी घातलेलं. त्याच्या खांद्यामागे हिरव्या लुगड्याची एक कड होती. आणि एक हात, पिठाने माखलेला, हळूहळू टोपीकडे येत होता.

"आता वरडू नको रं," काकू म्हणाली. तिचा आवाज मुळीच रागावलेला नव्हता. "मीपण लय वरडले. कोन ऐकत नाय."

हाताने टोपीच्या तारा बाजूला केल्या आणि त्याच्या केसांत बोटं घातली, जसं काही त्या जेलऐवजी तेल लावायचं होतं. बाहेर अनुपम निवेदिताला खुर्ची देत होता, पाणी देत होता. तिने काचेतून सौमित्रला ओठांनी सावकाश, स्पष्ट काहीतरी म्हटलं. त्याचं नाव असावं. त्याला काही ऐकू आलं नाही.

"सौमित्रा," मागून हाक आली, आणि तो वळला.